तक्त्याच्या पुढे : ‘सोलारिस’ कादंबरी आणि चित्रपट

प्रश्न : मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असून लघुप्रबंधासाठी स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ ही कादंबरी आणि आंद्रेई तार्कोव्हस्की यांनी तिच्यावर केलेला चित्रपट यांची तुलना हा विषय घेतला आहे. कादंबरी मी इंग्रजीतून वाचली. कादंबरीत काय आहे, चित्रपटात काय आहे, काय गाळले आणि काय नव्याने घातले, असा एक लांबलचक तक्ता मी तयार केला. मार्गदर्शकांनी तो वाचला आणि ‘बरे, मग पुढे काय?’ असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. लेम यांना हा चित्रपट आवडला नव्हता, असेही वाचनात आले. मूळ लेखकच नापसंती दाखवत असेल तर मी चित्रपटाची बाजू कशी घ्यायची? वर्गातले मित्र म्हणतात की हा विज्ञानपटच नव्हे. मोटारीच्या प्रवासाचे ते न संपणारे दृश्य आणि अंतराळस्थानकावरची ती दिवाणखान्यासारखी खोली यांचा विज्ञानाशी काय संबंध? दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, हे मी लिहावे की नाही? आणि २००२ साली आलेला अमेरिकन चित्रपटही विचारात घ्यावा का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : मार्गदर्शकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या तक्त्यात विखुरलेल्या स्वरूपात आहेच. फरकांची यादी कितीही वाढवली तरी तिच्यातून विवेचन आपोआप निघत नाही, कारण यादीतली प्रत्येक नोंद शेजारच्या नोंदीइतक्याच वजनाची दिसते. चित्रपटात एका पात्राचे नाव बदलले आहे आणि चित्रपटाचा शेवट पूर्ण वेगळा आहे, या दोन गोष्टी तक्त्यात एकाखाली एक बसतात. प्रत्यक्षात पहिलीला फारसा अर्थ नसतो आणि दुसरीवर सगळी कलाकृती उभी असते. म्हणून तुम्ही आता फरक मोजणे थांबवावे आणि दोन्ही कलाकृतींत जे समान आहे तिथून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. एकच प्रसंग, एकच वस्तू किंवा एकच खोली दोन्हीकडे आढळली की ती तिथे कोणत्या कामासाठी ठेवली आहे, हे विचारता येते. आणि ते काम वेगळे निघाले की मग बाकीचे फरक त्याच्याभोवती आपसूक गोळा होऊ लागतात.

ज्या वाचकांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. सोलारिस हा एक दूरचा ग्रह असून त्याचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग एका महासागराने व्यापला आहे, आणि हा महासागर म्हणजे एकच एक अवाढव्य सजीव असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. क्रिस केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ तिथल्या स्थानकावर पोहोचतो तेव्हा गिबारियन या सहकाऱ्याने आत्महत्या केलेली असते आणि उरलेले दोघे, स्नाउत आणि सार्तोरियस, आपापल्या खोलीत काहीतरी लपवत असतात. दुसऱ्या दिवशी केल्विनला जाग येते तेव्हा काही वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली त्याची पत्नी हारी त्याच्या समोर असते. महासागर माणसांच्या स्मृतीतून असे ‘पाहुणे’ घडवून पाठवतो. का पाठवतो, हे कोणालाच कळत नाही. कादंबरी १९६१ साली पोलिश भाषेत प्रसिद्ध झाली, म्हणजे युरी गागारिन अंतराळात गेले त्याच वर्षी. तार्कोव्हस्की यांचा सोव्हिएत चित्रपट १९७२ साली आला आणि त्याला त्या वर्षीच्या कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सगळे त्या उजेडात वाचता येईल. लेम यांची कादंबरी जाणण्याविषयी आहे : माणसाहून सर्वस्वी वेगळ्या अशा अस्तित्वाला माणूस कधी समजून घेऊ शकेल का, हा तिचा प्रश्न आहे. तार्कोव्हस्की यांचा चित्रपट सद्सद्विवेकाविषयी आहे : ज्या व्यक्तीला आपण दुखावले, ती पुन्हा समोर उभी राहिली तर आपण काय करू, हा त्याचा प्रश्न आहे. कथानक एकच असूनही प्रश्न दोन आहेत. तुमच्या लघुप्रबंधाचे मुख्य विधान मी लिहून द्यावे अशी तुमची अपेक्षा नसणार, आणि तुम्ही माझ्या विधानाशी असहमतही होऊ शकता. परंतु या जातीचे काहीतरी विधान हाताशी असल्याशिवाय तुम्ही पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये.

आता समान प्रसंगांपैकी एक जवळून पाहू. हारीला कपडे बदलायचे असतात आणि तिचा झगा निघत नाही, हा प्रसंग दोन्हीकडे आहे. झग्याला उघडता येईल असे काही नसतेच. ज्या बटणे-नाड्या दिसतात त्या केवळ शोभेच्या असतात, म्हणून शेवटी कात्री घ्यावी लागते. कादंबरीत या क्षणी वाचकाच्या मनात जे चमकते ते पुराव्यासारखे असते : महासागराने हा झगा केल्विनच्या स्मृतीवरून घडवला आहे, आणि स्मृतीत झग्याचे रूप असते, तो कसा उघडतो हे नसते. नकलेतली ही चूक आपल्याला नक्कल करणाऱ्याविषयी काहीतरी सांगून जाते. केल्विन पहिल्या हारीला यानात बसवून अवकाशात सोडून देतो, दुसरी हारी येते, आणि खोलीत दोन अगदी एकसारखे झगे दिसतात तेव्हा त्याचा थरकाप उडतो, तोही याच कारणाने. तार्कोव्हस्की यांनी कात्री ठेवली आहे, दोन झग्यांच्या जागी खुर्चीवर एकावर एक आलेल्या दोन एकसारख्या शाली ठेवल्या आहेत, पण कॅमेऱ्याचे लक्ष नकलेतल्या चुकीवर नाही. तो हारीचा चेहरा पाहतो, तिच्या दंडावरची सुईची खूण पाहतो, आणि त्या खुणेकडे पाहणाऱ्या केल्विनला पाहतो. ही खूण म्हणजे तिच्या मृत्यूची खूण आहे. कादंबरीत कात्रीने एक कोडे उघडते. चित्रपटात तीच कात्री एक जखम उघडी करते. तुमच्या तक्त्यात हा प्रसंग ‘दोन्हीकडे सारखाच’ या रकान्यात पडला असेल, तर तो तिथून उचलून मध्यभागी आणा.

जे चित्रपटात नाही त्यापैकीही सगळे सारखे महत्त्वाचे नसते. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा गाळलेला भाग म्हणजे केल्विनने स्वतःच्या बुद्धीची घेतलेली परीक्षा होय. स्थानकावरचे विचित्र प्रकार पाहिल्यावर आपल्याला वेड तर लागले नाही ना, अशी शंका त्याला येते. पण वेड लागलेला माणूस ज्या साधनांनी खात्री करून घेईल तीही त्याच्या वेडाचाच भाग असू शकतात. मग खात्री करायची कशी? तो ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या स्थानांचे आकडे मागवतो, आलेला कागद न पाहता खणात ठेवतो, आणि त्यानंतर बराच वेळ खपून तेच आकडे स्वतः गणिताने काढतो. हे गणित इतके किचकट असते की भ्रमात बुडालेल्या मेंदूला ते स्वतःच्या बळावर, आधीच्या उत्तराशी जुळेल असे, रचता येणे शक्य नाही. कागद बाहेर काढून पाहिल्यावर दोन्ही उत्तरे चौथ्या दशांश स्थळापर्यंत जुळतात आणि फरक पडतो तो पाचव्या स्थळी. म्हणजे तो शुद्धीवर आहे, आणि समोर दिसते ते खरे आहे. दिलासा वाटायला हवा त्याच जागी भीती दुणावते.

हा भाग गाळला याचा अर्थ दिग्दर्शकाला विज्ञान नको होते, असा घाईने काढू नका. हा प्रसंग पडद्यावर दाखवणे अवघड आहे, कारण त्यातली सगळी हालचाल एका माणसाच्या डोक्यात घडते आणि कादंबरी केल्विनच्याच तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात सांगितलेली आहे; पण अडचण हे खरे कारण नव्हे. चित्रपटातल्या केल्विनला ‘मी शुद्धीवर आहे का?’ हा प्रश्न फार काळ छळतच नाही. त्याला छळणारा प्रश्न वेगळा आहे, म्हणून त्याला या परीक्षेची गरज पडत नाही. गाळलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल असे विचारून पाहावे : ती दाखवता येत नव्हती म्हणून गेली, की कलाकृतीच्या नव्या प्रश्नाला तिची गरज उरली नव्हती म्हणून गेली? पहिल्या प्रकारच्या नोंदी तुम्ही एका परिच्छेदात उरकू शकाल. दुसऱ्या प्रकारच्या नोंदींतून लघुप्रबंध उभा राहील.

तुमच्या मित्रांना न रुचलेल्या त्या दिवाणखान्याकडे आता येतो, कारण माझ्या मते तुलनेची सर्वांत समृद्ध जागा तीच आहे. ती खोली म्हणजे स्थानकाचे ग्रंथालय होय, आणि ग्रंथालय कादंबरीतही आहे. लेम यांच्या ग्रंथालयात केल्विन सोलारिसविषयीचे जाडजूड खंड काढून वाचत बसतो आणि आपल्यासमोर एका आख्ख्या विद्याशाखेचा इतिहास उलगडत जातो. या ग्रहाला दोन सूर्य आहेत, एक तांबडा आणि एक निळा. कादंबरीतल्या शास्त्रज्ञांच्या मते अशा जोडसूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाची कक्षा स्थिर राहू शकत नाही, तेव्हा हिशेबाप्रमाणे तो कधीतरी सूर्यात जाऊन पडायला हवा होता. तो पडत नाही, असे निरीक्षणांती दिसते, आणि महासागरच स्वतः ग्रहाची कक्षा सावरून धरत असावा, या निष्कर्षापाशी शास्त्रज्ञ येऊन पोहोचतात. त्यानंतर पिढ्यांमागून पिढ्या त्या महासागराशी संपर्क साधण्यात खर्ची पडतात. त्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या प्रचंड आकारांना नावे दिली जातात, त्यांचे वर्गीकरण होते, सिद्धान्तांच्या शाळा उभ्या राहतात, एकमेकींशी भांडतात आणि विरून जातात. एवढे सगळे लिहून झाल्यावर ज्ञान किती वाढले, याचा हिशेब मांडला तर हाती फारसे काही लागत नाही. ही पाने अनेक वाचकांना कंटाळवाणी वाटतात. मला ती कादंबरीचा गाभा वाटतात. न कळणाऱ्या गोष्टीपुढे माणसाने रचलेल्या शब्दांचा तो डोंगर आहे, आणि लेम यांनी तो तितक्याच गांभीर्याने, खऱ्याखुऱ्या विद्वत्तेच्या भाषेत रचला आहे.

तार्कोव्हस्की यांच्या ग्रंथालयात सोलारिसविषयीचे ग्रंथ महत्त्वाचे नाहीत. तिथे लाकडी भिंती आहेत, मेणबत्त्या आहेत, पुतळे आहेत, ‘डॉन किहोते’ या जुन्या स्पॅनिश कादंबरीची प्रत आहे, आणि भिंतीवर सोळाव्या शतकातले चित्रकार पीटर ब्रॉयगल यांची चित्रे आहेत. त्यांपैकी ‘बर्फातले शिकारी’ या १५६५ सालच्या चित्रावर कॅमेरा दीर्घकाळ रेंगाळतो : उतरणीवरून परतणारे शिकारी, त्यांची कुत्री, काळी झाडे, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसे. हे चित्र हारी पाहत असते. ती पृथ्वीवर कधी गेलेली नाही. पृथ्वीविषयी तिला जे ठाऊक आहे ते केल्विनच्या स्मृतीतले आणि त्याने बरोबर आणलेल्या घरगुती चित्रफितीतले. त्या चित्रफितीतही बर्फ आहे. ती चित्राकडे पाहते तेव्हा एखादी स्मृती उसनी न राहता स्वतःची होते आहे, असे आपल्या डोळ्यांदेखत घडते, आणि त्याच खोलीत, सार्तोरियस तिला ‘तू केवळ नक्कल आहेस’ अशा अर्थाचे सुनावतो तेव्हा ती आपण माणूस होत चाललो असल्याचे सांगते. पुढे स्थानकाचा भार क्षणभर नाहीसा होतो आणि जर्मन संगीतकार बाख यांच्या संगीतावर ती दोघे मेणबत्त्यांसह त्या खोलीत तरंगू लागतात. मित्रांना सांगा की एकाच खोलीत लेम यांनी माणसाने परक्या ग्रहाविषयी लिहिलेले ठेवले आणि तार्कोव्हस्की यांनी माणसाने पृथ्वीविषयी चितारलेले ठेवले. दोन कलाकृतींमधला भेद समजावण्यासाठी मला तरी याहून नेमकी जागा सापडलेली नाही, आणि तुम्ही एक संपूर्ण प्रकरण तिला द्यावे, असा माझा आग्रह आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट तपासा. माणसाला दुसरी जगे नको असतात, त्याला आरसे हवे असतात, या आशयाचे स्नाउतचे बोलणे दोन्हीकडे आहे. कादंबरीत ते पाहुण्यांचे गूढ केल्विनला नुकते कळू लागले असताना येते आणि त्याचा रोख संशोधनाच्या अहंकारावर आहे : आपण अंतराळ जिंकायला निघतो ते पृथ्वीच्या सीमा ताऱ्यांपर्यंत नेण्यासाठी, परक्याला भेटण्यासाठी नव्हे. चित्रपटात तेच बोलणे स्नाउतच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, या ग्रंथालयातच येते आणि माणसाला माणूसच लागतो, या दिशेने वळते. कादंबरीत ज्याला माणसाचे अपंगत्व म्हटले आहे, त्याच गोष्टीला चित्रपटात माणसाची गरज म्हटले आहे.

मोटारीच्या दृश्याविषयी आता. बर्टन हा पूर्वी सोलारिसवर गेलेला वैमानिक, आणि हे पात्र कादंबरीत जवळजवळ कागदावरच आहे. त्याने महासागरावर एक प्रचंड आकाराचे बालक पाहिल्याची साक्ष केल्विन जुन्या दप्तरातून वाचतो. चित्रपटात तो हाडामांसाचा, वय झालेला, कोणी विश्वास न ठेवल्याने आतून खचलेला माणूस म्हणून केल्विनच्या वडिलांच्या घरी येतो, तरुणपणीच्या आपल्या चौकशीची चित्रफीत सगळ्यांसमोर दाखवतो, अपमानित होतो आणि निघून जातो. तो शहराकडे परततानाचे मिनिटामिनिटाने लांबत जाणारे दृश्य टोकियोतल्या द्रुतगती रस्त्यांवर चित्रित केले आहे : बोगदे, उड्डाणपूल, एकावर एक चढणारे दिवे, आणि गाडीत गप्प बसलेला बर्टन. त्याच्या उलट केल्विनचा पृथ्वी ते सोलारिस हा सगळा प्रवास एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. ज्याला यानांचा आणि यंत्रांचा दिमाख दाखवायचा होता त्या दिग्दर्शकाने हे प्रमाण उलटे ठेवले असते. तळे, पाणवनस्पती, घोडा, अंगणातला पाऊस यांच्यामागोमाग आलेले हे रस्ते पाहिले की माणूस पृथ्वीवर असतानाच पृथ्वीपासून किती दूर गेला आहे, हे अंगावर येते, आणि म्हणूनच अवकाशप्रवास वेगळा दाखवण्याची गरज राहत नाही. दृश्य लांबले आहे, हे मीही मान्य करतो. ते निरर्थक आहे, हे मात्र मला मान्य नाही. यानांमध्ये आणि स्थानकाच्या सजावटीत प्रेक्षकाचे लक्ष अडकू नये, अशी तार्कोव्हस्की यांची इच्छा होती, आणि या चित्रपटात विज्ञानकथेची ती सामग्री आपल्याला पुरेशी टाळता आली नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे.

म्हणून हा विज्ञानपट आहे की नाही, या वादात तुम्ही फार वेळ घालवू नये. यंत्रे किती दिसतात यावरून विज्ञानकथा ठरत नाही. कादंबरीत केल्विन हारीच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, आवर्धन वाढवत नेतो, आणि जिथे अणू दिसायला हवेत तिथे त्याला काहीच दिसत नाही; हा विज्ञानकथेतला अस्सल क्षण आहे, कारण इथे उपकरण आणि भीती एकाच बिंदूवर येतात. चित्रपटात असे क्षण थोडे आहेत आणि मला त्याची खंत वाटते. विशेषतः महासागर. कादंबरीत त्याच्यावर शहरांएवढे आकार उभे राहतात आणि काही काळाने कोसळतात. त्यांची वर्णने वाचताना कल्पनाशक्ती थकून जाते. चित्रपटात तो दोन प्रसंगांच्या मध्ये दिसणारा भोवऱ्यांचा फेसाळ पृष्ठभाग होऊन राहतो. त्या काळाच्या तंत्राची मर्यादा मी समजू शकतो, पण दिग्दर्शकाचा ओढा तिकडे नव्हता, हेही तितकेच खरे आहे, आणि लघुप्रबंधात हे स्पष्टपणे लिहायला तुम्ही कचरू नये.

लेम यांची नापसंती हा तुमच्यासाठी अडथळा नसून उत्तम साधन आहे. पटकथेवरून त्यांचे तार्कोव्हस्की यांच्याशी मॉस्कोत कडाक्याचे भांडण झाले, आणि या गृहस्थांनी ‘सोलारिस’ नव्हे तर ‘गुन्हा आणि शिक्षा’ चित्रित केली, असे ते नंतर म्हणत. केल्विनचे आईवडील आणि मावशी ही कादंबरीत नसलेली मंडळी चित्रपटात आणल्याचाही त्यांना राग होता. हे मत निकाल म्हणून उद्धृत केले तर तुमचे काम तिथेच संपते. वर्णन म्हणून वाचले तर ते विलक्षण अचूक आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या त्या कादंबरीत अपराधाची जाणीव आणि तिच्यातून जाण्याची वाट हाच विषय आहे, आणि तार्कोव्हस्की यांनी खरोखरच तोच विषय सोलारिसच्या कक्षेत नेऊन ठेवला. लेम यांना जो दोष वाटला तो चित्रपटाचा हेतू होता. लेखकाला आपल्या कृतीविषयी बोलण्याचा अधिकार असतो आणि त्याच्या बोलण्यावरून त्याच्या कृतीत त्याला काय मोलाचे वाटत होते ते कळते. दुसऱ्याने घडवलेल्या कृतीचे मोल मात्र ती कृती पाहूनच ठरवावे लागते.

कादंबरीच्या आवृत्तीबद्दल एक सावधगिरीची सूचना. दीर्घकाळ उपलब्ध असलेला १९७० सालचा इंग्रजी अनुवाद पोलिशवरून नव्हे तर फ्रेंच अनुवादावरून झाला आहे, आणि त्यात हारीचे नाव ‘ऱ्हेया’ तर स्नाउतचे नाव ‘स्नो’ असे झाले आहे. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांनी केलेला अनुवाद २०११ साली आला. तुम्ही जुना अनुवाद वाचला असेल, तर तक्त्यातल्या नावांविषयीच्या नोंदी काढून टाका आणि शब्दयोजनेवर आधारलेला कोणताही मुद्दा नव्या अनुवादाशी पडताळल्याशिवाय मांडू नका.

शेवटाची तुलना तुम्ही केलीच असेल, तरी तिच्याकडे पुन्हा पाहा. कादंबरीच्या अखेरीस हारी नाहीशी झालेली असते. केल्विन प्रथमच स्वतः महासागरावर उतरतो, एका जुन्या, विझत चाललेल्या आकारावर जाऊन बसतो आणि लाटेपुढे हात धरतो. लाट थबकते, मग हाताला न शिवता, मध्ये हवेचा पातळ पापुद्रा राखून, हाताभोवती चढते. तो हे पुन्हा पुन्हा करून पाहतो. थोड्या वेळाने महासागराचा रस संपतो. यात कसलाही संवाद झालेला नाही, क्षमा नाही, उत्तर नाही, आणि तरीही क्रूर चमत्कारांचा काळ संपलेला नाही, या विश्वासावर केल्विन तिथेच थांबायचे ठरवतो. चित्रपटात केल्विन वडिलांच्या घरापाशी परतलेला दिसतो. घराच्या आत, छताखाली पाऊस पडतो आहे आणि वडिलांच्या ते लक्षातही येत नाही. ते दारात येतात तेव्हा केल्विन त्यांच्यापुढे गुडघे टेकतो, रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्राचे परतणे’ या चित्रातल्यासारखा. मग कॅमेरा वर वर जातो आणि हे घर, हे तळे, हे अंगण महासागरातल्या एका छोट्या बेटावर असल्याचे कळते. कादंबरीतला महासागर माणसाच्या हाताला न स्पर्शता थांबतो, तर चित्रपटातला महासागर माणसाला त्याचे घर परत देतो. ते खरे घर नसते एवढेच. ही देणगी कृपा आहे की शिक्षा, हे चित्रपट सांगत नाही आणि तुम्हीही घाईने सांगू नये. पहिला शेवट कोरडा आणि दुसरा भावुक, अशी वाटणी अनेक लेखांत वाचायला मिळते. ती मला वरवरची वाटते. हात पुढे करून बसलेल्या केल्विनच्या आशेत जी आर्तता आहे ती गुडघे टेकलेल्या केल्विनहून कमी नाही.

श्रेष्ठ कोण, हे जरूर लिहा, पण ते एकाच वाक्यात संपूर्ण कृतीविषयी लिहू नका. ज्या प्रसंगाचे विवेचन केले त्याच ठिकाणी, त्याच्यापुरते लिहा. उदाहरणादाखल माझे मत सांगतो. महासागर लेम यांना अधिक कळला आणि हारी तार्कोव्हस्की यांना. कादंबरीत हारी आपल्याला केल्विनच्या नजरेतूनच दिसते, आपण कोण आहोत हे उमगल्यावरचे तिचे दुःखही त्याच्याच शब्दांतून पोहोचते. चित्रपटात नताल्या बोंदारचुक यांच्या अभिनयामुळे तिला स्वतःची नजर मिळते. द्रवरूप प्राणवायू पिऊन तिने केलेला आत्महत्येचा प्रयत्न आणि त्यानंतर गोठलेल्या शरीरात तडफडत परतणारा जीव, हा प्रसंग दोन्हीकडे आहे. कादंबरीत तो वाचताना मला केल्विनची कीव आली होती, चित्रपटात पाहताना हारीची. तुमचा अनुभव उलटा असेल तर तो तसाच नोंदवा आणि कोणत्या वाक्यामुळे किंवा कोणत्या दृश्यचौकटीमुळे तसे झाले ते दाखवा. परीक्षकांना तेवढेच हवे असते.

स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २००२ सालचा चित्रपट लघुप्रबंधाच्या आवाक्यात घेऊ नये, असे माझे मत आहे. तो तार्कोव्हस्की यांच्या चित्रपटापेक्षा बराच आटोपशीर असून त्याचा सगळा भर पती-पत्नींच्या नात्यावर आहे. लेम यांनी त्याविषयीही नाराजी दाखवली होती आणि आपण अंतराळातल्या प्रेमाची कादंबरी लिहिलेली नाही, असे सुनावले होते. तीन कृती एकत्र घेतल्या की तुम्ही पुन्हा तक्त्याकडे ओढल्या जाल. फार तर हारीविषयीच्या प्रकरणात एक तळटीप त्याला द्या, आणि तीही चित्रपट स्वतः पाहिल्यावरच.